पाणी कपाशीला, वाढ तणाला

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून यायचा असताना, जळगावहून चोपड्याकडे एस.टी.ने निघालात तर खिडकीतून एक देखावा दिसतो. वखरून मऊ केलेली काळीभोर जमीन, तिच्यावर चार-पाच फुटांवर पसरलेल्या ठिबकच्या नळ्या आणि नळीखाली ठरावीक अंतरावर ओलाव्याचे गोल डाग. त्या डागांत नुकतीच सरकी टोचलेली असते. पंधरा दिवसांनी त्याच रस्त्याने परत या. डाग हिरवे झालेले असतात. शहरातला माणूस म्हणतो, वा, काय छान उगवली आहे कपाशी! शेतकरी मात्र खाली वाकून पाहतो आणि कपाळाला हात लावतो. कारण त्या हिरव्यात कपाशीची चार पाने असतात आणि बाकी सगळे तण.

आज मला या तणाविषयी बोलायचे आहे. कृषी खात्यातून निवृत्त झाल्यापासून मी तापीकाठच्या आमच्या पाच एकरांत कपाशी करतो. त्यामुळे आधी लोकांना जे सांगत होतो, ते आता स्वतःला ऐकावे लागते. ते किती अवघड असते हेही बोलण्याच्या ओघात येईलच.

महाराष्ट्रात कपाशीखाली चाळीस लाख हेक्टरांच्या आसपास क्षेत्र असते. देशात इतके क्षेत्र दुसऱ्या कुठल्याही राज्यात नाही. पण यातली बहुतेक कपाशी कोरडवाहू, पावसाच्या भरवशावरची. ओलिताची कपाशी थोडी. तिच्याकडून उत्पन्नाची अपेक्षा मोठी आणि तिच्यावरचा खर्चही मोठा. कोरडवाहू शेतात कपाशी आणि तण दोघेही पावसाची वाट पाहत असतात. ओलिताच्या शेतात पाणी आपण देतो. विहिरीत उरलेले शेवटचे पाणी, लोडशेडिंग सांभाळून, रात्री-अपरात्री उठून देतो. त्या पाण्यावर खतही सोडतो. आणि त्या पाण्याला कपाशी कोणती नि केना कोणता हे कळत नाही.

कपाशी हे पीक सुरुवातीला फार संथ. सहा-सात दिवसांनी जमिनीबाहेर येते आणि पहिला महिनाभर वर वाढण्यापेक्षा मूळ खाली नेण्यातच गुंतलेले असते. महिन्याचे रोप फार तर वीतभर. तण मात्र तीन आठवड्यांत गुडघ्याकडे निघते. म्हणून कपाशीचे पहिले साठ दिवस जपायचे असतात. त्यातही पंधराव्या दिवसापासून साठाव्यापर्यंतचा काळ निर्णायक. या काळात तण तसेच राहिले तर निम्मे पीक गेले असे धरून चाला. पुढे कपाशीच्या फांद्या ओळीत भिडल्या, जमिनीवर सावली पडली, की ती आपले आपण सांभाळते. सत्तराव्या दिवशी हजारो रुपये घालून केलेल्या निंदणीपेक्षा विसाव्या दिवशीची साधी निंदणी जास्त फळ देते. पण आपल्याकडे तण 'दिसायला' लागले म्हणजे मजूर शोधायचे, अशी पद्धत आहे. दिसायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो.

आता हे तण म्हणजे कोण? केना, लव्हाळा, हरळी, माठ, तांदुळजा, घोळ, दुधी, कुंजरू, गोखरू, बांधावरचे गाजरगवत. शेतकऱ्यांना ही नावे घरच्या माणसांसारखी पाठ असतात. यातली बरीचशी खुरप्याच्या एका फटक्यात जातात. खरे दुखणे दोघांचे, केन्याचे आणि लव्हाळ्याचे.

केना दिसायला मोठा साजरा. निळी, नाजूक फुले. श्रावणात त्याच्या पानांची भजीही करतात. पण या वनस्पतीसारखी चिवट दुसरी मी पाहिली नाही. केना खुरपून तुम्ही तिथेच टाकलात आणि संध्याकाळी पावसाची सर आली, की त्या तुटक्या देठाच्या पेराला मुळ्या फुटतात. एकाचे चार केने होतात, आणि ते आपणच केलेले असतात. त्याहून गंमत म्हणजे केना जमिनीच्या वर फुलतो तसा जमिनीखालीही फुलतो. खालची फुले कधी उघडत नाहीत, त्यांत आपोआप बी धरते आणि पेरल्यासारखे तिथेच राहते. वरचे झाड फुलायच्या आत काढले म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि पुढच्या वर्षाची तजवीज त्याने आधीच करून ठेवलेली असते. म्हणून माझ्या शेतात केना बांधावर नेऊन, मुळे वर करून, दगडांवर वाळत घालायचा असा नियम आहे. बायका हसतात. म्हणतात, आबा तणालाही ऊन दाखवतात.

लव्हाळ्याची तऱ्हा वेगळी. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो, तो याच कुळातला. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळच असते. कोळप्याने ती माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. मालक म्हणतो, मी चार वेळा कोळपले तरी लव्हाळा वाढतोच आहे. अहो, कोळपले म्हणूनच वाढतो आहे. त्याचा बंदोबस्त मृगात होत नाही, तो चैत्र-वैशाखात करायचा. खोल नांगरट करून गाठी वर आणायच्या आणि महिनाभर त्यांना खानदेशी ऊन खाऊ द्यायचे. एका वर्षात जात नाही, पण तीन उन्हाळे नेटाने केले तर उतरंड लागते. मात्र त्या महिन्यात त्या रानात पाण्याचा थेंब जाता कामा नये. गाठी पुन्हा टवटवीत होतात आणि केलेली नांगरट फुकट जाते.

म्हणजे पाण्याशी येऊन थांबलो. ओलिताच्या शेतकऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे जी कोरडवाहूवाल्याकडे नाही. तण केव्हा उगवावे हे तो ठरवू शकतो. सरकी टोचायच्या दहा-बारा दिवस आधी ठिबक चालू करून ओळीचा पट्टा ओला करायचा, किंवा पाटपाणी असेल तर एक हलके पाणी द्यायचे. वरच्या थरातले बी हिरवी मखमल पसरल्यासारखे उगवते. मग वाफसा पाहून वखराची हलकी पाळी द्यायची किंवा खुरप्याने पट्टा खरडायचा आणि मग लावणी करायची. खरडणी उथळ हवी, दोन बोटांची. खोल गेलात तर खालचे नवे बी वर येते आणि सगळे मुसळ केरात. इतकी साधी गोष्ट, पण पहिल्या निंदणीचा भार निम्म्याने कमी होतो हा माझा अनुभव आहे.

यावर लगेच कोणी म्हणेल, मे महिन्यात विहिरीला पाणी असते कुठे? खरे आहे. कपाशीलाच पुरेल की नाही अशी धास्ती असताना तणाला पाणी पाजा म्हणणारा मनुष्य वेडाच वाटतो. मलाही पाचही एकरांना हे जमत नाही. मी ज्या दोन एकरांत तण जास्त तिथेच करतो. ठिबकवर फक्त पट्टा भिजवायचा असल्याने पाणी कमी लागते, हे त्यातल्या त्यात बरे. शिवाय गुलाबी बोंडअळीचे चक्र तुटावे म्हणून जूनच्या आधी कपाशी लावू नका असे आता सांगितले जाते. ते पाळले तर मे महिन्याचा उत्तरार्ध या कामाला आपसूक मोकळा मिळतो.

ठिबकचा आणखी एक फायदा. पाऊस येईपर्यंत दोन ओळींमधली जागा कोरडी असते, तिथे तण उगवतच नाही. पाटाच्या पाण्याचे तसे नाही. ते सगळे रान भिजवते, वर चारीतून, दांडातून बी वाहून आणते. दांडाच्या काठावर माजलेले गवत म्हणजे आपल्या शेताची बियाणे कंपनीच. तसेच शेणखताचे. अर्धवट कुजलेले शेणखत घातले की गुरांनी खाल्लेल्या गवताचे बी आपण सोन्याच्या भावाने शेतात पेरतो.

मृगाचा पाऊस लागला की मात्र ठिबकची सगळी ऐट उतरते. सगळीकडे तण. झड लागली तर आठ-आठ दिवस शेतात पाय ठेवता येत नाही, डवरणी नाही, निंदणी नाही. उघडीप पडते तेव्हा सगळ्या गावाला एकाच दिवशी मजूर हवे असतात.

इथे थोडे थांबून निंदणाऱ्या बायकांविषयी बोलले पाहिजे. आपण तण-व्यवस्थापन असा भारदस्त शब्द वापरतो तेव्हा प्रत्यक्षात ते बायकांच्या कमरेवर चाललेले असते. सकाळी डबा बांधून टोळीने रिक्षात बसून येतात, दिवसभर उकिडवे बसून, ओल्या मातीत, एका हाताने तण धरून दुसऱ्या हाताने खुरपे चालवतात. माझ्या एकराला पहिल्या निंदणीला आठ-दहा जणी लागतात. तीनशे रुपये रोज धरला तर एका निंदणीचे तीन हजार, आणि हंगामात अशा तीन. शेतकरी म्हणतो मजुरी परवडत नाही. तेही खोटे नाही. पण त्या बाईचे वर्षभराचे कामाचे दिवस मोजले तर तिलाही ती परवडत नाही. पुरुषाला त्याच शेतात तिच्याहून जास्त रोज मिळतो, तो कशाबद्दल, हे मला नोकरीत तीस वर्षे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

मजूर मिळेना म्हणून तणनाशके आली. त्यांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. लावणीनंतर दोन दिवसांच्या आत, जमिनीत ओल असताना पेंडीमेथॅलिन फवारले तर पहिले तीन-चार आठवडे बराच दिलासा मिळतो. ३० टक्के तीव्रतेच्या द्रावणाची शिफारस एकरी एक लिटरच्या पुढेमागे, २०० लिटर पाण्यातून. डब्यावरचे प्रमाण वाचा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. हे औषध उगवू पाहणारे बी मारते. उगवून आलेल्या तणाला ते काही करत नाही. जमीन कोरडी किंवा ढेकळांची असेल तर त्याचा थर नीट बसत नाही. म्हणून फवारणारा मागे मागे सरकत जातो, आपल्याच पायाने तो थर मोडू नये म्हणून. पुढे तण दोन-चार पानांवर असताना रुंद पानांच्या तणासाठी पायरिथायोबॅक सोडियम आणि गवतासाठी क्विझालोफॉप इथाइल अशी औषधे आहेत. तण वीतभर झाल्यावर ती मारून उपयोग नाही. आणि लव्हाळ्याची आशा त्यांच्यावर ठेवू नये, लव्हाळा गवतासारखा दिसतो पण गवत नव्हे.

आता माझी फजिती सांगतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बांधावर गाजरगवत माजले होते. त्यावर मी टू-फोर-डी नावाचे तणनाशक मारले. बांधापुरते ठीक झाले. पंप दोन तांबे पाणी घालून खळखळला आणि ठेवून दिला. आठ दिवसांनी कपाशीवर मावा आणि तुडतुडे दिसले. तोच पंप, त्यात कीटकनाशक. अर्धा एकर फवारून झाला तेव्हा पावसाची चिन्हे दिसली म्हणून थांबलो. आठवड्याने पाहतो तो त्या अर्ध्या एकरातल्या शेंड्यांची पाने अरुंद, बोटांसारखी चिरलेली, भेंडीच्या पानासारखी झालेली. कपाशी ओळखू येईना. आधी मी बियाण्याला शिव्या दिल्या. मग म्हटले, विषाणू रोग असावा. एका जुन्या सहकाऱ्याला बोलावले. त्याने एक पान हातात घेतले आणि एवढेच विचारले, "पंप शेवटचा कशाला वापरला होता?"

मी काही बोललो नाही. त्याला उत्तर कळले.

टू-फोर-डीला कपाशी इतकी नाजूक आहे की पंपात उरलेला अंशही पुरतो. शेजारच्या मक्यात किंवा उसात मारलेले असेल तर वाऱ्याने आलेले तुषारही पुरतात. झाडे मेली नाहीत. नवी पालवी आली ती हळूहळू सुधारली. पण पाती गळली, महिना वाया गेला, आणि त्या अर्ध्या एकरात वेचायला फारसे काही उरले नाही. सभांमधून 'पंप स्वच्छ धुवा' असे शेकडो वेळा सांगणारा मनुष्य मी! तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, लाल रंग मारलेला, आणि त्याला कोणी दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. वेगळा पंप नसेल तर धुण्याचा सोडा घालून, पाणी भरून ठेवून, नोझलसकट दोन-तीनदा धुवा.

मजुरांच्या या टंचाईतूनच दुसरा एक रस्ता निघाला आहे, त्याबद्दल न बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याला गावात 'चोर बीटी' म्हणतात ते बियाणे. तणनाशक सहन करणारी कपाशी. लावा, वरून ग्लायफोसेट मारा, तण मरेल, कपाशी उभी राहील. देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, पण तणनाशक सहन करणाऱ्या या वाणाला लागवडीची मान्यता मिळालेली नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकऱ्यांनी हे बियाणे उघडपणे लावून आंदोलन केले, ते अनेकांना आठवत असेल. त्यांची मागणी मूर्खपणाची होती असे मी म्हणणार नाही. उघडीप पडलेल्या दिवशी मजूर न मिळालेल्या माणसानेच ती मागणी समजून घ्यावी.

पण माझ्या शेजाऱ्याने ते लावले तेव्हा काय झाले ते मी बांधावरून पाहिले. पाकिटावर नाव नाही, बिल नाही. फवारल्यावर तण मेले आणि त्याबरोबर चारातले एक कपाशीचे झाडही मेले, कारण बियाण्यात भेसळ होती. तक्रार कोणाकडे करणार? शिवाय ग्लायफोसेटला आपल्याकडे परवानगी आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी, कपाशीसाठी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये तर ते फक्त परवानाधारक कीड-नियंत्रकांमार्फतच वापरावे असा आदेश केंद्राने काढला. माणसाच्या आरोग्याला ते किती घातक याबद्दल जगात वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ साली ते 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकले, अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने तसे मानले नाही.

कायदा आणि आरोग्य क्षणभर बाजूला ठेवा, निव्वळ तणाचा हिशेब करा. या रस्त्याने अमेरिका आपल्या आधी गेली. तिथे १९९७ पासून अशी कपाशी आहे. जॉर्जिया राज्यात सुरुवातीला शेते आरशासारखी स्वच्छ झाली. मग काही वर्षांत एक तण डोके वर काढू लागले, ज्याला ग्लायफोसेट पुरेसे मारू शकत नव्हते. ते तण कोणते? आपला केना! निळ्या फुलांचा, जमिनीखाली बी धरणारा. बाकीचे तण मेले, त्याला रान मोकळे मिळाले. त्यापाठोपाठ आपल्या माठाच्या जातीचे एक तण आले, त्याच्या एका मादी झाडाला पाच-पाच लाखांपर्यंत बी धरते. ग्लायफोसेट पचवणारी त्याची पिढी त्याच राज्यात २००५ साली सिद्ध झाली. त्यानंतर त्या प्रचंड यंत्रांच्या देशात कपाशीतले तण हाताने उपटायला माणसे लावावी लागली. आपला केना आधीपासूनच आपल्या घरात बसलेला आहे, त्याला तिथवर प्रवासही करावा लागणार नाही.

मी स्वतः आता काय करतो, तर यातले थोडे थोडे. तणाच्या दोन एकरांत आधी तण उगवून घेतो. लावणीनंतर ओळीच्या पट्ट्यावर तेवढे पेंडीमेथॅलिन. मधल्या जागेत बैलाचे कोळपे, नळ्या गुंडाळून. त्या गुंडाळण्याचा कंटाळा येतो, पण एकदा कोळप्यात नळी अडकून पन्नास फूट तुटली तेव्हापासून येत नाही. मधल्या ओळीत मूग. तो जमीन झाकतो आणि साठ-सत्तर दिवसांत निघूनही जातो. विसाव्या दिवशी आणि चाळिसाव्याच्या सुमारास अशा दोन निंदण्या ठरलेल्या, टोळीला मेमध्येच सांगून ठेवलेल्या. बांधावरचे गाजरगवत फुलायच्या आधी उपटतो, कारण कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्याच्यावर मुक्काम करतो. आणि सप्टेंबरात कपाशीच्या वर डोकावणारे माठाचे एखाद-दुसरे झाड दिसले तर वेळ काढून उपटतोच. तेव्हा त्याने यंदाच्या पिकाचे काही बिघडत नाही, पण त्याचे बी पुढची कित्येक वर्षे माझ्याच पाण्यावर उगवणार असते.

टोळीत एक मावशी आहेत, साठीच्या. निंदताना तांदुळजा आणि कुंजरूची कोवळी पाने वेगळी काढून ओच्यात टाकायची त्यांची सवय. संध्याकाळची भाजी होते. परवाच्या निंदणीला त्यांनी खुरपे खाली ठेवले आणि बांधावर मला हाक मारली.

"आबा, या तुकड्यात औषध मारलंय का हो?"

मी म्हटले, "मारलंय मावशी, ओळीत. मधल्या पट्ट्यात नाही."

त्यांनी ओच्यातली भाजी हातात घेऊन पाहिली. कुठली ओळीतली आणि कुठली मधली, हे आता सांगता येत नव्हते. त्यांनी ती सगळी बांधापलीकडे टाकली आणि पुन्हा निंदायला बसल्या.